उजव्या मागच्या चाकाचा आवाज

३ जुलै, बुध.

आज लावणीचा तिसरा दिवस. सावड नऊ घरांची, पाळीपाळीनं एकमेकांची खाचरं लावायची, आमचं शेवटी. सकाळी वरच्या वस्तीवरून अकरा बाया खाली आणल्या, बारावी माझी बायको, सुनंदा. यंदा रोपांसाठीचा राब वरच भाजलाय, रोपं तिथंच, म्हणून सु. पहाटे माझ्याबरोबर वर येते, सगळ्या मिळून रोपं उपटतात, मुठ्या बांधतात आणि मग गाडी खाली.

कातळाच्या वळणावर मागून आवाज आला. टक्. मग बारीक कर्र. ब्रेकवर पाय होता तेव्हाच. चाकाखाली दगड सटकला असेल म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी बायांना वर सोडताना काही नाही. कंबर दुखतेय, गोळी घेतली.

४ जुलै, गुरु.

आजही. त्याच वळणावर, टक्. दगड रोज तिथंच कसा येईल?

दुपारी बाया खाचरात असताना गाडी रिकामी घेऊन परत वर गेलो. उतरलो. काही नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. काही नाही. जॅक, पाना, दोरखंड, सुटी फळी, सगळं काढून घरात टाकलं. वाजण्यासारखं गाडीत काही ठेवलं नाही. गण्याच्या टपरीवरचे म्हणाले, दत्ताची गाडी आज सहल करतीय. हसले. हसू देत.

ही गाडी घेतली तेव्हापासून हसतातच. चार इंच उचललेली, मोठे टायर. टाचांवर उभी राहिल्यासारखी दिसते. पण कातळाच्या वळणावर जी दगडाची पायरी आहे, ती साध्या पिकअपला चढत नाही, पोट घासतं. ही चढते. म्हणून तर घेतली.

५ जुलै, शुक्र.

टक्. टक्. आज दोनदा.

डाव्या हाताला दरी, खाली ओढ्याचा आवाज, मागं बारा बाया. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की खाली आल्यावर बोटं सरळ होईनात. सु. मागंच बसते, बायांत. उतरल्यावर म्हणाली, "कसला वो आवाज?"

म्हटलं, "टायरला चिखल लागलाय."

का खोटं बोललो? माहीत आहे का ते. कंबरेच्या मणक्याचं झाल्यापासून मला वाकता येत नाही, लावणी जमत नाही, चिखलणी जमत नाही. सावडीत माझ्या घराची पाळी म्हणजे ही गाडी. गाडी थांबली तर आमच्या खाचरावर कुणी का यावं? कुणी तोंडावर म्हणणार नाही. येतीलही. पण मला ते सहन होणार नाही. हे इथं लिहायला हरकत नाही.

७ जुलै, रवि.

काल लावणी बंद, कुणाकडं तरी दहावं होतं. आज गाडी घेऊन कासार आंबोलीच्या अलीकडं बबन मिस्त्रीकडं. बबन जुना माणूस, ट्रकवाला. गाडी बघून आधी कपाळाला हात लावला. "ही कुणी उचलली?"

म्हटलं, आधीच्या मालकानं. रिह्याला फार्महाऊस आहे त्यांचं.

पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवलं. लिंक रॉडचे रबर गेलेले निघाले, दोन्ही बाजूंचे. बदलले. मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले, हातोडीनं ठोकले, त्यांच्या बुशमध्ये पहार घालून हलवून बघितलं. "मागं काय न्हाई. पुढचंच व्हतं. जा."

मोटरसायकलवाल्यालाही वाट दिली, इतक्या खुशीत घरी आलो. सगळ्या रस्त्यावर एक आवाज नाही. सु.ला सांगितलं, चिखल निघाला.

८ जुलै, सोम.

आलाच.

पहिल्यापेक्षा मोठा. आणि आवाजाबरोबर मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटला. वाटला की खरंच सरकला? बाया बोलत होत्या त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हातारी हिराबाई काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

पुढचं नव्हतं तर. लिंक रॉडचा काही संबंध नाही. बबननं जे दुखत होतं ते सोडून दुसरंच बरं केलं.

फक्त उतरताना. फक्त भरलेली असताना. चढताना नाही, रिकामी असताना नाही. संध्याकाळी तेवढ्याच बाया घेऊन चढतो, तेव्हा चकार शब्द नाही. का?

९ जुलै, मंगळ.

नीलेश सरांना फोन केला. आधीचे मालक. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

"सर, गाडीला मागनं आवाज यायचा का कधी?"

"आवाज? अरे मी म्युझिक लावायचो ना यार. काय ऐकू येणार?"

उचलली कुठं, विचारलं. मित्राच्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला होता, शेड आता बंद झाली म्हणे. "बट इट लुक्स सॉलिड, नाही का?" म्हणाले.

दिसते खरी.

आज उतरताना टक् नाही आला. त्यानं बरं वाटायला हवं होतं. उलट सगळा उतार वाट बघण्यात गेला, आता येईल, आता येईल. तीन बाया आज नव्हत्या. नऊच होत्या. हे लिहून ठेवतो.

१० जुलै, बुध.

सु.ची नखांना लावायची लाल बाटली घेतली, जत्रेतली. मागच्या सगळ्या नटांवर एकेक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट फिरला तर रेघ तुटेल. हे बबननंच कधीतरी सांगितलेलं.

सु. बघत उभी. "गाडीला नटवताय व्हय?"

म्हटलं, हो, जरा.

ती हसली नाही. "चिखल न्हाई ना त्यो?"

मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

११ जुलै, गुरु.

बारा बाया. टक् आला. खाली आल्याआल्या गाडीखाली वाकून बघितलं, कंबरेचं काय व्हायचं ते होवो. आठही रेघा सरळ. एक नट तसूभर हललेला नाही.

म्हणजे घट्ट आहे सगळं. मग वाजतंय काय?

खरं सांगायचं तर रेघा तुटलेल्या असत्या तर बरं झालं असतं. पाना घेतला असता, आवळलं असतं, संपलं असतं. आता भीती कुठं ठेवायची तेच कळत नाही. जेवताना भाताचा घास तोंडात आणि कान बाहेर गाडीकडं. उभी गाडी काय वाजणार? तरी कान तिकडंच.

हिराबाईचं खाचर सोमवारी, आमचं त्यानंतर. रोपं आता पंचवीस दिवसांची झालीत. अजून चारपाच दिवस, मग गाठी धरायला लागतील, लावून उपयोग नाही.

१२ जुलै, शुक्र.

आज झालं ते नीट लिहितो.

कातळाच्या वळणावर पायरी उतरताना टक् नाही, धाड्. आणि गाडी मी न वळवता डावीकडं गेली. दरीकडं. वीतभर असेल. मी ओढून परत आणली. बाया ओरडल्या. थांबलो. पाय ब्रेकवरून काढायची हिंमत होईना.

मागची काच सरकवून म्हटलं, "दगड व्हता."

हिराबाई, साठीची, गुडघ्यानं अधू, पण तोंड सगळ्यांत तिखट. काचेला तोंड लावून म्हणाली, "दत्ता, रोजच्याला ह्योच दगड हितंच कसा रं येतोय?"

कुणी हसलं नाही.

"आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "आमच्या बुडाखाली वाजतंय. पयल्या दिसापासनं."

म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"बोलून काय? तू गाडी बंद केली असतीस. मग ह्या गुडघ्यानं मी कशी उतरू? सावड मोडली असती. तू बी बोलला न्हाईस की."

शरम वाटली. तेरा जणं एकाच गाडीत, सगळ्यांना माहीत, आणि दहा दिवस कुणी कुणाला सांगितलं नाही.

मग दुसरी एक बाई म्हणाली, म्हणून तर आमी सगळ्या हिकडंच बसतो. इकडं म्हणजे उजवीकडं, डोंगराच्या बाजूला. दरीकडं कुणी बसतच नाही. गाडी गेलीच तर उडी मारता यावी म्हणून. आवाज सुरू झाल्यावर तर अजूनच सरकल्या, एकमेकींच्या मांडीवर. डाव्या बाजूला नुसत्या मुठ्या.

उतरताना डोंगर उजव्या हाताला. चढताना डावीकडं, तेव्हा सगळ्या डावीकडं. नऊ असल्या की भार कमी. रिकाम्या गाडीत काहीच नाही. बबनकडं गेलो तेव्हा गाडी रिकामी, घरी आलो तेव्हा रिकामी, दहा वेळा तपासली ती रिकामी. मी सगळं बघितलं, आरशात मागं मात्र एकदाही नीट बघितलं नाही.

सगळ्यांना तिथंच उतरवलं. चालत खाली आल्या. हिराबाईला सु.नं आणि एकीनं धरून आणलं, पाऊण तास लागला. गाडी मी रिकामी आणली.

१३ जुलै, शनि.

बबनला फोन केला, म्हटलं गाडी आणत नाही, तूच ये. सगळं सांगितलं. तो मोटरसायकलवर आला, पावसात, शिव्या देत.

गाडी रिकामी वर नेली, वस्तीच्या वरच्या अंगाला उतारावर उभी केली, चारी चाकांना दगड लावले, तोंड खाली. बाया जमल्या. बबन म्हणाला, "बसा. सारख्या बसा, दोनी अंगाला."

बसल्या. काही नाही. बबन बाजूला चिखलात आडवा पडून टॉर्च मारतोय.

"आता रोज बसता तसं बसा."

सगळ्या उजवीकडं सरकल्या. टक्.

बबननं टॉर्च आत खुपसला. "परत," म्हणाला. परत सारख्या, परत उजवीकडं. टक्. तो उठला. आवाज न चढवता म्हणाला, "उतरा समद्या. एकेक. हळू."

मला बाजूला घेतलं. "हौसिंग सरकतंय, मागचा आख्खा आस. बोटभर. पाट्याखाली ठोकळा घातलाय उंची वाढवायला, त्याच्यावरनंच सरकतंय."

म्हटलं, नटांवर रेघा मारल्यात, एकही हललेली नाही.

"नट कशाला हलतील? नट भायेर हायेत. पाटा जाग्यावर धरती ती आतली पिन तुटलीय. ती दिसती व्हय तुला?"

खाली गाडी मीच आणली, रिकामी, पहिल्या गिअरमध्ये. बबन मागं लांबून. म्हणाला, जवळ येत न्हाई, गाडी गेली तर मला बघवणार न्हाई. ह्या माणसाला धीर देता येत नाही.

१४ जुलै, रवि.

दिवसभर बबनच्या शेडमध्ये. पावसाचं पाणी आत येत होतं, पोत्यांवर उभे.

उजवी बाजू उघडली. एक ठोकळा नाही, दोन. एकावर एक ठेवून कडेनं वेल्डिंग मारलेलं, आणि वर काळा रंग. वेल्डिंग उकललेलं. मधली पिन दोन तुकडे. बबननं तुकडे पुसून तळहातावर ठेवले. तुटलेली तोंडं गुळगुळीत, चकचकीत.

"आजची तुटलेली न्हाई ही. घासून घासून आरसा झालाय. महिना तरी झाला आसंल. जास्ती बी."

महिना म्हणजे लावणीच्या आधीपासून. म्हणजे पहिल्या दिवसापासून. रोज बारा बाया, रोज दोन फेऱ्या, फक्त चार नटांच्या पकडीवर. मी तिथं उभ्या उभ्या मोजायला लागलो आणि मधेच थांबलो. शेडबाहेर जाऊन ओकलो. बबननं पाण्याचा जग आणून दिला.

मग म्हणाला, गाडी मूळ उंचीवर आणू, ठोकळे काढून टाकू. म्हटलं, मग पायरी चढणार नाही. वस्ती बंद. त्यालाही ते माहीत आहे. बराच वेळ विडी ओढत बसला. शेवटी भंगारातल्या ट्रकचं एक लोखंड काढलं, ओळखीच्या लेथवाल्याला घरून बोलावून एकसंध ठोकळा कापून घेतला, नवी पिन. उजवी बाजू संध्याकाळी बंद केली.

डावी राहिली.

डावीचे बोल्ट गंजून गच्च, कापावेच लागतील, आणि त्या मापाचे नवे रविवारी कुठं मिळणार? बाहेरून ठीक दिसतंय. उजवंही ठीकच दिसत होतं.

"बुधवारी आण. तवर मुठ्या ने. मानसं नको." निघताना खिडकीशी आला. "वाजत न्हाई म्हून बरी हाय आसं धरू नको. पिन तुटली आणि उतारावर भार न्हाई पडला तर ती गप्पच ऱ्हाती."

डाव्या बाजूला उतरताना कधी कुणी बसलंच नाही.

डावी बाजू दरीची.

घरी आल्यावर सु.ला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिखलापासून. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "उद्या बायांना बी आसंच सांगा. समदं. काय ठिवू नका." थोड्या वेळानं परात सरकवली आणि पदरानं डोळे पुसले. दहा दिवस तीही भीत होती, हे मला तेव्हा कळलं.

१५ जुलै, सोम.

हे गाडीतच बसून लिहितोय. वस्तीवर. सकाळचे साडेसात. धुकं, समोरचं झाड दिसत नाही.

आज हिराबाईचं खाचर. तिची रोपं तीस दिवसांची होतायत, बुधवारपर्यंत थांबली तर वर्षाचा भात गेला. तिच्या घरात दुसरं कुणी नाही.

मुठ्या भरायच्या आधी बायांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं. पिनेचे तुकडे बबनकडून मागून आणले होते, ते हातात दिले. एकीनं दुसरीकडं दिले. उजवी झालीय, डावी उघडलेली नाही, डावीचं मलाही माहीत नाही. माझी चूक. पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. गाडीत आज फक्त मुठ्या जातील, तुम्ही चालत या.

वाटलं होतं बोलतील, शिव्या देतील. एकीनं नुसतं विचारलं, "आन् तुमी?" म्हटलं, मला तर न्यावीच लागेल.

मुठ्या मीच रचल्या, मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्या. कंबर गेली आहे. बाया पायवाटेनं निघाल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. सु. त्यांच्या शेवटी. वळणापाशी थांबून तिनं मागं बघितलं. मी हात केला. तिनं नाही केला. मग धुक्यात गेली.

हिराबाईसाठी काठी आणि दोघी जणी ठरवून दिल्या होत्या. मी पुढं येऊन बसलो तर गाडी मागून हलली. बघतो तर ती मागच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढतेय.

उतरलो. म्हटलं, मावशे, उतर. सांगितलं ना आत्ता सगळं.

"ऐकलं की."

"मग?"

"शुक्करवारी धरून नेलं मला, पाऊण घंटा. दोन दीस गुडघा टेकला न्हाई. आज परत तसं उतरले तर लावणी कोन करंल, माझं खाचर हाय ते." मुठ्यांवर नीट बसली. मधोमध. "तू बसतोयस न्हवं?"

"मला चालवायचीय."

"मग मी बी बसते."

हात जोडले. खरंच जोडले. ती माझ्याकडं बघतही नव्हती, खाली धुक्यात बघत होती. तिनं मुठ्यांची दोरी गच्च धरलेली. म्हणाली, "भ्या मला बी वाटतंय, दत्ता. तू तेवढा हळू घे."

परत येऊन बसलो. उतरवू कशी तिला? उचलून? आणि उतरवली तर तिचा वर्षाचा भात मी बुडवायचा? आणि नेली तर…

बबनला फोन लावला. रेंज नाही.

किल्ली लावली. काढली. परत लावली. डाव्या आरशात नुसतं पांढरं दिसतंय.

तिनं आत्ता टपावर थाप मारली, दोनदा. चल म्हणून.

मी अजून लिहितोय.